औषधाच्या आधीचा शोध

औषध संगणकाच्या पडद्यावर सापडत नाही, असं मी कितीतरी वर्षं वर्गात ठासून सांगत आले. आता सांगत नाही. उलट बायोइन्फर्मेटिक्सचा तास मी स्वतः मागून घेतला आहे. माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हीसुद्धा?" त्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी फार्माकॉलॉजी शिकवते. घर जळगावला, नोकरी धुळे जिल्ह्यात. माझ्या पिढीला औषध म्हणजे काय हे ऑर्गन बाथनं शिकवलं. कोमट क्षाराचं पाणी, त्यात सोडलेले ऑक्सिजनचे बुडबुडे, गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा आणि धूर दिलेल्या कागदावर हलणारी सुई. ॲसिटाइलकोलीनचा थेंब पडला की सुई वर जायची. ॲट्रोपिन आधी दिलं असेल तर तीच सुई जागची हलायची नाही. रेणू आणि देह यांच्यातला व्यवहार डोळ्यांसमोर घडायचा. पुढे पदवीच्या वर्गातले प्राण्यांवरचे प्रयोग थांबले आणि त्यांच्या जागी संगणकावरची प्रात्यक्षिकं आली. प्राण्यांचे हाल थांबले हे योग्यच झालं. पण मुलांच्या हातून काहीतरी निसटलं असं मला वाटायचं, आणि पडद्याबद्दलची माझी अढी तिथूनच सुरू झाली.

ती अढी पक्की केली डॉकिंगनं. आपल्याकडच्या एम.फार्म.च्या कितीतरी प्रबंधांची रीत ठरलेली आहे. प्रोटीन डेटा बँकेतून एक प्रथिन उतरवायचं, एखाद्या वनस्पतीतले पंधरा-वीस रेणू घ्यायचे, ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅममध्ये ते त्या प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहायचे. रेणू किती घट्ट बसतो याचा उणे आठ, उणे नऊ असा आकडा आला की 'आशादायक' असा शेरा मारून मोकळं व्हायचं. खरं तर तो आकडा ढोबळ असतो. प्रथिन जिवंत पेशीत सतत हलत असतं, भोवती पाणी असतं, रेणू आतड्यातून रक्तात जाईल का, यकृत त्याचं काय करील, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. कोविडच्या काळात तर या प्रकाराला ऊत आला. विषाणूच्या मुख्य प्रोटीएजची रचना २०२० च्या सुरुवातीलाच सर्वांना खुली झाली आणि तुळस, गुळवेल, हळद असं जे हाताशी होतं ते त्या रचनेवर बसवून झालं. परीक्षक म्हणून असे प्रबंध माझ्याकडे यायचे. मुलं मेहनती होती, पण ज्या कामातून एकाही रुग्णाकडे वाट जात नाही ते काम त्यांच्याकडून करून घेतलं जातंय, याचा मला मनापासून त्रास व्हायचा.

डॉकिंगच्या या रीतीविषयी माझं मत आजही तेच आहे. बदललं ते हे, की यालाच बायोइन्फर्मेटिक्स समजून मी सगळी शाखाच बाजूला सारली होती.

पहिला धक्का बॅरिसिटिनिबचा. हे संधिवाताचं औषध. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बेनेव्होलंट एआय या कंपनीच्या लोकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की प्रथिनं, आजार आणि औषधं यांच्या नात्यांचं जाळं संगणकावर तपासल्यावर कोविडसाठी हे औषध पुढे येतं. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. पुढे मोठ्या रुग्णचाचण्या झाल्या, आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेत इस्पितळात दाखल कोविड रुग्णांसाठी त्याला रीतसर मंजुरी मिळाली. एखादा अंदाज खरा ठरू शकतो, असं म्हणून मी तेही सोडून दिलं.

सोडून देता आलं नाही ते सिकलसेलचं. कारण तो आमच्या भागातला आजार आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत धडगाव, अक्कलकुवा, तळोदा हे सगळे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. सातपुड्याची तीच रांग पुढे शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपर्यंत येते. भिल्ल, पावरा घरांतली मुलं माझ्या वर्गात असतात. सिकलसेल त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. हातपाय ठणकायला लागले की रात्रभर रडणारा भाऊ, वारंवार रक्त चढवावं लागणारी आत्येबहीण, लग्न ठरवताना 'वाहक आहे का' ही दबक्या आवाजातली चौकशी, हे सगळं त्यांनी घरात पाहिलेलं असतं. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के.

या आजाराचं मूळ सापडून पाऊण शतक उलटलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रुग्णाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. १९५६ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका बदलानं ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. रेणूच्या पातळीवर सर्वांत आधी उलगडलेला आजार हाच. आणि तरी औषध काही येईना. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कॅन्सरसाठी वापरलं जाणारं औषध. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९९८ मध्ये. रचना कळली की औषध हाती येतं, ही समजूत इथे टिकत नाही. माझ्या जुन्या मताचा मी हाच पुरावा देत असे.

एकदा हिमोग्लोबिनचं प्रकरण नव्यानं शिकवायचं म्हणून मी मूळ शोधनिबंध क्रमानं वाचायला घेतले.

धागा सुरू होतो १९४८ मध्ये. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने त्रासच होत नाही. पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, हिमोग्लोबिन एफ. ते ओसरलं की आजार डोकं वर काढतो. पुढे आपल्याच देशातून दुसरी खूण मिळाली. ओडिशातल्या रुग्णांविषयीचा निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांच्या रक्तात मोठेपणीही हिमोग्लोबिन एफ बरंच टिकून होतं आणि आजार आफ्रिकन वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य होता. म्हणजे उपाय निसर्गानंच दाखवून ठेवला होता: मोठ्या माणसात गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करा. पण ते बंद कोण करतं? प्रयोगशाळांना हे कोडं कित्येक वर्षं सुटलं नाही.

ते सुटलं आकडेमोडीतून. लंडनमध्ये स्वी ले थेन यांच्या गटानं दोनशेहूनही कमी माणसं घेतली, पण निवडून: ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन एफ असलेल्या पेशी खूप जास्त आहेत अशी आणि खूप कमी आहेत अशी. प्रत्येकाच्या जनुकसंचातल्या तीन लाखांहून अधिक खुणा तपासल्या. आता इथे खरी विद्या आहे. तीन लाख ठिकाणी तुलना केली, तर नुसत्या योगायोगानंच पंधरा हजार ठिकाणी पाच टक्के पातळीचा 'फरक' दिसेल. त्यातून खरी जागा वेगळी काढायला कठोर सांख्यिकी लागते, आणि दुसऱ्या लोकसमूहात तीच जागा पुन्हा मिळते का ते पाहावं लागतं. २००७ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकाचं नाव पुढे आलं. २००८ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या लोकांत तेच सापडलं. हे जनुक तोवर ओळखलं जायचं ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगासंदर्भात. हिमोग्लोबिनवर आयुष्य घालवलेल्या एकाही शास्त्रज्ञाच्या यादीत ते नव्हतं. २००८ च्या डिसेंबरात बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटानं पेशींवर प्रयोग करून दाखवलं, की गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणारं हेच ते जनुक.

हे वाचून मी थांबले. माझ्या लाडक्या ऑर्गन बाथसमोर मी शंभर वर्षं बसले असते तरी मला बीसीएल११ए सुचलं नसतं. कुणालाच सुचलं नव्हतं.

आणि पुढचं पाऊल तर मला याहून थोर वाटतं. बीसीएल११ए सरसकट बंद करता येत नाही, कारण मेंदूच्या वाढीला आणि बी पेशींना ते लागतं. पण ज्या खुणा सापडल्या होत्या त्या प्रथिनाचा मजकूर लिहिलेल्या भागात नव्हत्याच. जनुकाच्या मधल्या, वरवर निरर्थक वाटणाऱ्या पट्ट्यात होत्या. डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांच्या गटानं, वेगवेगळ्या पेशींत डीएनएचा कोणता भाग उघडा असतो याचे नकाशे त्या खुणांवर ठेवून पाहिले. लाल पेशी तयार होताना जो तुकडा उघडा होता तो इतर पेशींत बंद होता. गिरणा नदीच्या कालव्याचं पाणी अडवायचं नाही, एकाच चारीचं दार तेवढं लावायचं, असा तो प्रकार. हे २०१३ साली छापून आलं. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत, कॅसजेव्ही या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्यांतला नेमका तो तुकडा कापायचा आणि त्या परत द्यायच्या. थेन आणि ऑर्किन यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

माझं मत कुठे फिरलं ते आता सांगता येईल. संगणक औषध बनवून देत नाही. पण शरीरातल्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी कशावर औषध शोधायचं, हा प्रश्न औषधाच्या आधीचा आहे आणि बरीच औषधं तिथेच फसतात: रेणू चांगला असतो, ठिकाण चुकलेलं असतं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की ज्या लक्ष्यामागे माणसांतला जनुकीय पुरावा आहे त्यावरचं औषध रुग्णचाचण्यांतून मंजुरीपर्यंत पोहोचण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत २.६ पट असते. हे मी आता फार्माकॉलॉजीच्या पहिल्याच तासाला शिकवते.

माझ्या जुन्या शंकेचं महत्त्व मात्र कमी झालेलं नाही, आणि तेही सिकलसेलच्याच उदाहरणानं सांगते. व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनच्या रचनेवर बेतून तयार केलेलं. अल्फा साखळीच्या टोकाला जाऊन बसतं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावतं. रचना, हिशेब, रक्ताच्या तपासण्या, सगळं जमलं होतं. २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरनं ते जगभरातून मागे घेतलं, कारण नंतरच्या माहितीत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण चिंता वाटावी असं दिसलं. शेवटचा शब्द रुग्णाच्या देहाचाच असतो, ही माझी शिकवण मी सोडलेली नाही.

कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. शिवाय आधी तीव्र केमोथेरपी देऊन रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. धडगावच्या मुलासाठी हे उत्तर नाही. त्याला हवी आहे गोळी. त्या दिशेनं काम चालू आहे: २०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी विझ नावाचं, हिमोग्लोबिन एफ दाबून ठेवणारं आणखी एक प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवणारा रेणू दाखवला, तो तोंडावाटे देता येतो आणि माकडांत त्यानं हिमोग्लोबिन एफ वाढवलं. माणसांतला परिणाम त्या कामात तपासलेला नव्हता.

पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. बीसीएल११एच्या शोधाचे धागे इंग्लंडच्या आणि सार्डिनियाच्या लोकांच्या रक्तात सापडले. हिमोग्लोबिन एफ जास्त ठेवणारे लोक तर आपल्याकडे आहेत. जगभरचे विद्यार्थी वापरतात त्या 'थाउजंड जीनोम्स'च्या खुल्या साठ्यात २,५०४ माणसं, २६ लोकसमूह. त्यांत ह्यूस्टनला राहणारे गुजराती आहेत, इंग्लंडमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ आहेत, लाहोरचे पंजाबी आहेत. सातपुड्यातलं कुणी नाही. जीनोम इंडिया प्रकल्पानं देशभरातल्या जवळपास दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले, आदिवासी समूहही त्यात घेतले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो साठा संशोधकांसाठी खुला झाला. ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही तो निरोगी माणसांचा साठा आहे. एकाच आजाराचे दोन रुग्ण, एकाच पाड्यावरचे, त्यांतला एक शेतात राबतो आणि दुसरा महिन्याआड दवाखान्यात, असं का, याचं उत्तर रुग्णांच्या नोंदी असल्याशिवाय मिळणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी शिरपूर तालुक्यातली. रुग्णांच्या अशा नोंदींचा विषय निघाला तेव्हा तिनं वर्गात विचारलं होतं, "मॅडम, आमच्याकडे रक्त घेऊन जातात, पण कळवायला कुणी येत नाही. यात पण तसंच होईल का?" हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेलं रक्त त्यांना न विचारता इतर अभ्यासांसाठी वापरलं गेलं; २०१० मध्ये तडजोड होऊन उरलेले नमुने त्यांना परत मिळाले. समजून दिलेली संमती, नोंदींवर त्या समाजाचा अधिकार आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत नेऊन सांगणं, एवढं नसेल तर मी या कामात एकाही विद्यार्थ्याला पाठवणार नाही.

ते असेल तर सुरुवात करायला फार पैसे लागत नाहीत. सिकलसेलच्या पक्क्या निदानासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी होते, तेव्हा त्या कागदावर हिमोग्लोबिन एफचा टक्का छापून येतो. आपण वाचतो ते फक्त वाहक की रुग्ण. तो टक्का, रुग्णाचं वय, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे की नाही आणि वर्षात वेदनेचे किती झटके आले, एवढे चार रकाने संमतीनं, नावं झाकून, धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत सारख्याच पद्धतीनं भरले जावेत, असं मी आता जिथे संधी मिळेल तिथे मांडते आहे. डॉकिंगचा प्रबंध मागायला येणाऱ्या मुलांना मी आधी तो एचपीएलसीचा कागद वाचायला शिकवते.