ब्रेक

दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाहीच्या वह्या तपासून द्यायच्या होत्या. सातवीच्या मुलांना मी सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द देऊन वाक्ये करायला सांगितली होती, आणि त्यांतल्या 'ब्रेक'ने निम्मा वर्ग गारद केला होता. या शब्दाची मोठी गंमत आहे. तोडण्यामोडण्याचा ब्रेक निराळा आणि गाडी थांबवणारा ब्रेक निराळा. पण अक्षरे दोन्हींत तीच पाच. एकात 'ई' मध्ये बसते, दुसऱ्यात शेवटी, एवढाच काय तो फरक! एका मुलाने लिहिले होते, 'माझ्या बाबांच्या नोकरीला ब्रेक आहे.' आणि ब्रेक लिहिला होता गाडीचा. मी लाल पेन उचलले, तोच आतून चहाची हाक आली.

चहा पिताना मनात आले, आपल्या मराठीने हा तंटा केव्हाच मिटवून टाकला आहे. देवनागरीत दोन्ही ब्रेक एकच. मग अर्थ कळतो कसा? तर शेजारच्या क्रियापदावरून. ब्रेक 'दाबला' की तो गाडीचा. ब्रेक 'घेतला' की समजावे, चहा तरी आहे नाहीतर महाबळेश्वर तरी. एखाद्या नटीला ब्रेक 'मिळाला' की तिची गाडी थांबत नाही, उलट सुसाट सुटते! लेग-ब्रेक 'टाकतात', आणि तो टाकणारे सुभाष गुप्ते असले की ३६ कसोटींत १४९ बळी पडतात. नोकरीला, शिक्षणाला मात्र ब्रेक 'लागतो'. ठेच लागते, दृष्ट लागते, तसा. माझ्या शिक्षणाला तो मॅट्रिकनंतर लागला.

आणखी एक क्रियापद राहिले. ब्रेक 'देणे'. मी मास्तरकीला लागलो तेव्हा हंगामी होतो. एप्रिल संपला की शाळा मला ब्रेक देत असे आणि जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर हाती ठेवत असे. नोकरी सलग मोजली जाऊ नये, म्हणून ही युक्ती. 'देणे' या दानशूर क्रियापदाच्या पोटात इतका कंजूषपणा असू शकतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

माझे वडील एस. टी.त ड्रायव्हर होते. चिपळूण-कराड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट त्यांच्या पायांना पाठ होता. मी तोंड पाडून घरी आलो की ते म्हणत, "अरे, ब्रेक लागला म्हणून रडतोस? न लागलेला पाहिला नाहीस तू कधी!" मग त्यांचे घाटशास्त्र सुरू होई. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. सारखा ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. शास्त्र नामी होते. पण त्यात माझ्या मे महिन्याच्या पगाराची सोय नव्हती. माझी पहिली कादंबरी मी अशाच दोन मे महिन्यांत लिहून काढली, हे खरे. त्याचे श्रेय त्या शाळेला द्यायला मात्र मी आजही तयार नाही.

पुढे आगगाडीच्या ब्रेकविषयी वाचले तेव्हा वडिलांची फार आठवण झाली. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन माणसाने १८७२ साली एक उलटाच न्याय लावला. गाडीभर गेलेल्या नळात दाबलेली हवा आहे, तोवर चाके मोकळी. मध्येच डबे तुटून सुटे झाले, की हवा निसटते आणि दोन्हीकडचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे तुटण्यातूनच थांबणे, आणि थांबण्यातूनच वाचणे! इंग्रजीत वेगळे राहणारे ते दोन शब्द त्या नळात कसे एकत्र नांदतात पाहा. वडिलांना हे सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी टेबलाजवळ बोलावले. त्याचे वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार. काही महिने भरले, की त्यांनाही ब्रेक देतात. मी म्हणालो, "बाळ, इथे दुसरे स्पेलिंग हवे."

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "सर, त्याचा अर्थ मोडणे ना? बाबांची नोकरी मोडली नाहीये. नुसती थांबलीय. दिवाळी झाली की परत बोलावणार आहेत त्यांना."

"आणि दिवाळी?"

"फटाके नाही आणणार. कंदील मी आणि बाबांनी घरीच केलाय. बाबा दिवसभर घरी असतात ना आता!"

लाल पेन हातात होतेच. वाक्यापुढे बरोबरची खूण केली आणि वही त्याच्या हाती दिली.