भिंगाचा काय दोष?

चित्रपटगृहात बसलेला मनुष्य एरवी कितीही सोशिक असो, पडद्यावरचे चित्र जरा धुरकट झाले की त्याच्यातला न्यायाधीश जागा होतो. घरी आमटी अळणी लागली तर तो मुकाट्याने मीठ मागून घेईल, पण नायिकेचा चेहरा पुसट झाला की मान मागे वळवून, केबिनच्या त्या चौकोनी भोकाकडे पाहत तो थेट शिक्षाच फर्मावतो, "ए फोकस! झोपलास काय रे?" आरोपीला आपली बाजू मांडण्याची सोय या न्यायालयात कधीच नव्हती.

मला ती बाजू ऐकायला मिळाली, कारण आमच्या तालुक्याच्या गावातील थिएटरचे ऑपरेटर आमच्या शेजारी राहत. आम्ही पोरे त्यांना काका म्हणत असू. 1990 च्या सुमारास, मी दहाबारा वर्षांचा असताना, मॅटिनीला त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसण्याचा मान मला अधूनमधून मिळे. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेला तो डोळे दिपवणारा जाळ, यंत्राची टकटक आणि लोहाराच्या भात्याशेजारी बसल्यासारखा उकाडा! खाली नायक हिमालयात गाणी म्हणत असे आणि वर काका गंजिफ्रॉकवर घाम पुशीत असत.

काकांचा सिद्धान्त असा की, चित्र बिघडले तर संशय भिंगावर सर्वांत शेवटी घ्यावा. भिंग बिचारे जागच्या जागी असते. हलते ती फिल्म. हिशेब पाहा. फिल्मवरचे चित्र जेमतेम 21 मिलिमीटर रुंद. साडेआठ मीटरच्या पडद्यावर ते चारशेपट रुंद होऊन पडते. सेकंदाला चोवीस वेळा फिल्म गेटमध्ये येऊन थांबते आणि पुढे सरते. त्या थांबण्यात ती केसाच्या जाडीएवढी जरी पुढेमागे राहिली, तरी पडद्यावर नायिकेच्या पापण्या नाहीशा होतात. काका पापण्यांवरच फोकस लावीत. "नाक कोणालाही दिसतं," ते म्हणत.

फिल्म जागेवर का राहत नाही, याची कारणे मात्र अनेक, आणि प्रत्येक कारणाची पडद्यावरची लक्षणे वेगळी. चित्र हळूहळू, मिनिटामिनिटाने मऊ होत गेले तर तो उष्णतेचा प्रताप. तापलेली फिल्म फुगते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत हे अधिक होई, कारण त्यांतली चांदी उष्णता शोषून घेते. रंगीत फिल्ममधले रंग ती बरीचशी पलीकडे जाऊ देतात. म्हणजे रात्रीचा काळोखा प्रसंग आला की काकांचा हात आपोआप भिंगाकडे जाई. एकच बाजू धुरकट असेल तर भिंग नाहीतर गेट तिरपे बसलेले. क्षणभर चित्र गेले आणि परत आले, तर फिल्मचा सांधा गेटमधून गेला असे समजावे आणि हात मांडीवर ठेवावा. नवा पोऱ्या अशा वेळी घाईने भिंग फिरवतो आणि नसलेला रोग लावून घेतो! नामावलीतल्या पांढऱ्या अक्षरांना वरखाली शेपट्या फुटल्या, तर दिवसभर भिंग फिरवा, उपयोग शून्य. फिल्म सरकत असताना प्रकाश अडवणारी पाती आपली वेळ चुकते आहे. कोऱ्या प्रतीचा लेप गेटच्या पट्ट्यांवर खपली धरी आणि फिल्म तेवढी उचलली जाई. ती खपली काका बांबूच्या कामटीने काढीत. पेचकस लावणाऱ्याला ते कसाई म्हणत.

पण हे सगळे झाले शास्त्र. खरी अडचण होती ती स्प्रिंगची. गेटमधली स्प्रिंग सैल असली की फिल्म फडफडते आणि चित्र लपकते. ती आवळली की चित्र खणखणीत होते. पण वीस गावे फिरून आलेल्या त्या कोरड्या, जीर्ण प्रतीच्या कडेची भोके फाटतात. फाटलेल्या प्रतीची भरपाई वितरक मालकाकडून मागे आणि मालक ती काकांच्या पगारातून कापून घेई. स्प्रिंग सैल ठेवावी तर पिटातून आईवरून शिव्या. आवळावी तर महिनाअखेरीस घरात तेल नाही. काकांची मुलगी आमच्याच शाळेत होती. एका खेळाला तिच्या वर्गातली मुले खाली बसून ओरडत होती, आणि काकांनी स्प्रिंगच्या स्क्रूवर ठेवलेला हात तसाच काढून घेतला, हे मी पाहिलेले आहे. त्या महिन्यात तिची फी भरायची होती. चित्र खेळ संपेपर्यंत लपकत राहिले.

2010 नंतरच्या चारपाच वर्षांत फिल्मची रिळे थिएटरांतून गेली. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी, त्यांच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, मी त्यांना शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेलो. खुर्च्या पाहून ते खूश झाले, मक्याच्या लाह्यांची किंमत ऐकून गप्प झाले. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे झाली नसतील, तोच त्यांनी मला कोपराने ढोसले.

"डावीकडच्या पापण्या गेल्या. भिंग तिरपं बसलंय. सांग जाऊन."

मी बाहेर गेलो. दाराशी उभा असलेला मुलगा नम्रपणे म्हणाला, "वर कोणी नसतं, सर. सगळं आपोआप चालतं." परत येऊन मी काकांना तसे सांगितले.

त्यांनी मागे वळून त्या चौकोनी काचेकडे बराच वेळ पाहिले.

"मग लोक शिव्या कोणाला देतात रे?" त्यांनी विचारले.