सावली हे औषधच आहे

वैशाख वद्य दशमीला संत मुक्ताबाईंचा अंतर्धान सोहळा असतो. तापी-पूर्णेच्या काठची माती त्या दिवसांत भाजून निघत असते. तरीही माणसे येतात आणि त्यांत सत्तरी ओलांडलेले पुष्कळ असतात. 2024 साली रावेर लोकसभा मतदारसंघाचे मतदान झाले तेही 13 मे रोजी. भक्ती असो वा राजकारण, आपल्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग भर उन्हाळ्यातच पार पडतो.

अशा वेळी आपण घरातील वडीलधाऱ्यांना म्हणतो, “तुम्ही घरीच बसा.” हा सल्ला काळजीपोटी असतो, परंतु तो पुरेसा नाही. कीर्तन, मतदान, चार माणसांतील ऊठबस यांवरच वृद्धाचे मन उभे असते. ते सारे काढून घेतले, तर उन्हापासून वाचलेला माणूस एकटेपणाने खंगतो.

धोका मात्र खरा आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. तेथे तापमान आपल्या जळगावच्या मे महिन्याहून कमीच होते; पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. आपल्याकडे उलट घडते. कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो. “मला तर घामच येत नाही,” असे म्हणणाऱ्या आजींच्या शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही नकळत निघून जात असतात.

वाचकहो, वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. घोट घोट पाणी, ताक घेत राहावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी उन्हाळ्यापुरते प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाबावरील लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मनाच्या आजारांवरील काही औषधे उन्हाळ्यात विशेष लक्ष मागतात. ती परस्पर बंद करू नयेत. चैत्रातच एकदा सारी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक खूण ध्यानात ठेवावी. उन्हातून आलेले माणूस असंबद्ध बोलू लागले, ओळख विसरू लागले किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर ‘वय झाले’ असे म्हणून थांबू नये. अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. त्यांना सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

राहिला प्रश्न आयोजकांचा. खारघरनंतर शासनाने उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. 2024 च्या निवडणुकीत 85 वर्षांवरील मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. म्हणजे मनात आणले, तर वेळ बदलता येते आणि सोय करता येते. मग गावातील सप्ताह, पुढाऱ्याची सभा, नाटकाचा प्रयोग यांच्या आयोजकांना आपण आधीच का विचारू नये? मांडव कोठवर आहे? पाणी जागेवर मिळेल का? वक्ते उशिरा आले, तर म्हातारी माणसे किती वेळ ताटकळतील?

हे विचारणे म्हणजे तक्रार नव्हे. सभेला गर्दी हवी असेल, तर त्या गर्दीला सावली देणे हे बोलावणाऱ्याचेच काम आहे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मात्र आई-वडिलांना त्या दिवशी जरूर थांबवा. आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांना मुक्ताईच्या दर्शनाला स्वतः घेऊन जा.