वाटी, मूठ, चतकोर

आजीला मधुमेह जडला. ‘भात कमी करा,’ एवढे डॉक्टरांनी सांगितले. कमी म्हणजे किती, ते तिला कोणी सांगेना. म्हणून मी आहार मोजणारे एक वेब ॲप करावयास घेतले. आमच्या बेळगुंदीत ‘कॅलरी’ कोणी विचारीत नाही. ‘भाकऱ्या किती खाल्ल्यास?’ एवढेच विचारतात.

आधार घेतला तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांचा. त्यांत पदार्थ ५२८! १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात कर्बोदके सुमारे ७८ ग्रॅम, नाचणीत ६७. म्हणजे नाचणी खाल्ली की साखरेची काळजी मिटली, असे मुळीच नव्हे. तंतुमय भाग मात्र तिच्यात जवळजवळ चौपट. पण हे सारे कच्च्या धान्याचे माप. आजीची मापे वाटी, मूठ आणि चतकोर. तेव्हा काटा आणून आठ दिवस भाकरीचे पीठ तोलीत बसलो. आई वैतागली. (सुगरणीच्या हाताला काटा दाखवणे हा आमच्याकडे अपमानच!)

मग नावांचा घोळ. आमची नाचणी ती कन्नड मित्राच्या घरी रागी. दोन्ही नावे एकाच नोंदीला जोडली.

ॲप तयार झाल्यावर आजीने पहिलाच प्रश्न केला तो रताळ्याचा, तेही आमच्याच शेतातल्या. ‘उपासाला चालतं, मग साखरेला का नको?’ मी काटा पुन्हा बाहेर काढला.