बारा नकोत, एकच पुरे

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पथ्याचे ताट वाढले जाते, त्यांना माझे म्हणणे लवकर उमजेल. ताटात काय असावे हे डॉक्टर सांगतात, ते तसेच आहे ना हे आपण पाहतो. आणि ज्यांच्या पुढ्यात ते ताट येते त्यांनाही काही विचारायचे असते, हे हळूहळू विसरून जातो. मी तरी विसरले होते. त्याची आठवण मला परमुलखातील एका न्याहारीच्या टेबलावर झाली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. वय 72, मधुमेह जुनाच. अँजिओप्लास्टी झाली आणि आम्ही घरी परतलो. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला आणि त्या दिवसापासून त्या कागदाचाच अंमल घरावर सुरू झाला. मीठ मोजून, तेल चमच्याने, लोणचे-पापड हद्दपार. हे मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठी वाढलेले. मी पुण्याची, शाकाहारी. परंतु लग्नानंतर यांच्यासाठी मासे शिजवायला आवडीने शिकले होते. तेही बंद केले. वास्तविक मासे वर्ज्य करा असे कुणीच सांगितले नव्हते. भीतीपोटी मी माझ्याच मनाने पथ्य वाढवीत गेले.

दोन वर्षांत साखर आटोक्यात आली, रक्तदाब सुधारला. तपासण्यांचे अहवाल पाहून मला धन्यता वाटे. मात्र याच काळात यांचे वजन सात किलोंनी उतरले होते. ताटात अर्धे अन्न राहू लागले होते. ‘उद्या काय करू?’ असे विचारले, की ‘तुला वाटेल ते’ एवढेच उत्तर येई. पुढे मी विचारणेच सोडून दिले. यांचे गप्प राहणे मला समजूतदारपणा वाटत होता.

आमची मुलगी वेल्समधील स्वान्सी या शहरात रुग्णालयात नोकरी करते. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, शिवाय त्या आठवड्यात तिला रात्रपाळी. म्हणून तिने आम्हां दोघांसाठी जवळच्याच मम्बल्स गावी समुद्रकाठच्या एका अतिथिगृहात चार रात्रींची सोय केली. ‘आई, चार दिवस तू स्वयंपाकघराबाहेर राहा,’ असे ती म्हणाली. त्यातला रोख तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

मम्बल्स हे स्वान्सीच्या उपसागराच्या पश्चिम टोकाला वसलेले गाव. टोकाशी दोन लहान बेटे, त्यांतील एकावर 1794 साली बांधलेले दीपगृह. ओहोटीला तेथील पाणी इतके दूर जाते, की किनाऱ्याजवळच्या होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या दिसतात. स्वान्सीपासून मम्बल्सपर्यंत किनाऱ्याने एक सपाट पायवाट आहे. याच काठाने पूर्वी रेल्वे धावत असे; 1807 मध्ये तिने भाडे घेऊन प्रवासी नेण्यास आरंभ केला आणि अशी ती जगातील पहिली रेल्वे मानली जाते. आता त्या वाटेवर ना चढ ना उतार, आणि मधून मधून बाके. गुडघे दुखणाऱ्यांना आणखी काय हवे?

अतिथिगृह म्हणजे जुन्या धाटणीचे तीन मजली घर. जिना अरुंद, उद्वाहक नाही. अशा घरांतून हे बहुधा असेच असते. म्हणून आपण कधी अशा ठिकाणी उतरणार असाल, तर तळमजल्यावरची खोली आहे का, न्हाणीघरात आधाराला दांडी आहे का आणि न्याहारी किती वाजता मिळते, या तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मधुमेहींसाठी ती महत्त्वाची आहे. जूनमध्ये तेथे पहाटे पाचलाच उजाडते. आम्ही दोघे सवयीने तेव्हाच जागे झालो. न्याहारी आठला. यांची मधुमेहाची गोळी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायची असते. घरच्या घड्याळाप्रमाणे ती सातला घेतली असती आणि अन्न लांबले असते, तर साखर उतरण्याची भीती होती. आम्ही खोलीतच किटलीवर चहा केला, सोबत नेलेली दोन बिस्किटे खाल्ली, आणि गोळी न्याहारीच्या टेबलापर्यंत खिशात ठेवली.

आठ वाजता खाली गेलो. साठीच्या घरातील मालकीणबाई वही-पेन्सिल घेऊन आल्या. ‘बोरे दा,’ म्हणाल्या. वेल्श भाषेत सुप्रभात. मग यांच्याकडे पाहून त्यांनी विचारले, ‘आपल्याला काय आवडेल?’

मी उत्तर दिले. ‘त्यांना ओटची लापशी. साखर नको, मीठ नको. एक ब्राऊन टोस्ट, लोणी न लावता.’

बाईंनी ते लिहून घेतले. मान हलवली. आणि मग पुन्हा यांच्याकडेच वळून, अगदी सौम्यपणे, त्यांनी तोच प्रश्न केला, ‘आणि आपल्याला?’ पेन्सिल वहीवर टेकवून त्या थांबल्या.

ते थांबणे फार तर दहा-पंधरा सेकंदांचे असेल. मला ते असह्य झाले. मी पुन्हा बोलणार, तेवढ्यात यांनीच विचारले, ‘वेल्श न्याहारीत काय काय असते?’

बाईंनी बोटांवर मोजले : बेकन, सॉसेज, अंडे, टोमॅटो, अळिंबी, कॉकल्स आणि बारा लाऊर.

यांनी माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाले, ‘बारा नकोत म्हणावं, एकच पुरे.’

मला हसू फुटले. वाचकहो, या माणसाच्या तोंडून विनोद ऐकून किती महिने लोटले होते, ते मी त्या क्षणी मनाशी मोजू लागले, आणि मोजता आले नाही. हसता हसता डोळे भरून आले. बाईंना काही कळेना. आमच्या भाषेत ‘बारा’ हा आकडा आहे, असे मी सांगितले. वेल्शमध्ये ‘बारा’ म्हणजे पाव, असे त्यांनी सांगितले. मग त्याही मनसोक्त हसल्या.

प्रत्यक्षात या ‘पावात’ पाव नसतोच. बारा लाऊर म्हणजे खडकांवर उगवणारे लेव्हर नावाचे समुद्री शेवाळ. ते अनेकदा धुऊन, वाळू काढून, कित्येक तास उकळले की त्याचा गडद हिरवट-काळा गोळा होतो. तो ओटच्या भरड पिठात घोळवून, चपट्या टिकिया करून तव्यावर परततात. परंपरेने हे बेकनच्या चरबीत होते. विनंती केल्यावर बाईंनी थोड्याशा तेलात करून दिले. शाकाहारी मंडळींनी हे जरूर सांगून ठेवावे. माझ्यासाठी त्यांनी ग्लॅमॉर्गन सॉसेज केले. नाव ऐकून मी दचकले होते. पण त्यात मांस मुळीच नसते. चीज, पातीच्या कांद्यासारखी लीक नावाची भाजी आणि पावाचा चुरा एकत्र करून ते तळतात. वेल्समध्येही सामिष नावाचा निरामिष पदार्थ असावा, याची मला गंमत वाटली.

यांच्या बशीत एक अंडे, टोमॅटो, अळिंबी, बारा लाऊरची एक टिकिया आणि चमचाभर कॉकल्स आले. बेकन आणि सॉसेज यांनी स्वतःच नाकारले. मला सांगावे लागले नाही. कॉकल्स म्हणजे छोट्या शिंपल्यांतील मांस. पहिला घास घेतल्यावर हे थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, ‘अगं, या आमच्या तिसऱ्यांच्या मावसबहिणी.’

त्यानंतर यांनी जे सांगितले ते सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी प्रथमच ऐकत होते. लहानपणी ओहोटीच्या वेळी आजीबरोबर खाडीत उतरायचे, पायाच्या अंगठ्याने चिखलात शिंपली चाचपायची, फडक्यात बांधून आणायची. लहान शिंपली आजी परत टाकायला लावी. मालकीणबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी सांगितले, की येथून जवळच, गॉवर द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर पेनक्लॉड हे गाव आहे. तेथील बायका पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीबरोबर गाढवे घेऊन वाळूत जात, दाताळ्याने वाळू खरवडून कॉकल्स गोळा करीत, चाळणीने चाळून लहान मागे ठेवीत आणि स्वान्सीच्या बाजारात नेऊन विकीत. आजही तेथे परवानाधारक लोक हातानेच ती वेचतात. ‘म्हणजे आजीचाच नियम,’ हे म्हणाले. बशी पूर्ण रिकामी झाली होती.

त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो. नऊ वाजले तरी उजेड होता. समोर भरतीचे पाणी चढत होते आणि सकाळी कुशीवर पडलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. मी न राहवून विचारले, ‘अहो, घरी तुम्ही इतकं का जेवत नाही?’

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू माझ्यासाठी किती करतेस ते मला दिसतं. म्हणून बोलत नव्हतो. पण डॉक्टर मला विचारतात झोप कशी आहे, आणि उत्तर तू देतेस. मी शेजारीच बसलेला असतो गं.’

मला राग आला, हे प्रांजळपणे सांगते. दोन वर्षे माझीही झोप गेली होती. रात्री उठून मी यांचा श्वास ऐकत असे. तेही मी तेव्हा बोलून दाखवले. यांना ते ठाऊक नव्हते. अंधार पडेपर्यंत आम्ही तेथे बसलो. मी यांना विचारत नव्हते आणि माझी भीती मी यांना सांगत नव्हते, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते.

उरलेल्या दिवसांत एकदा यांनी बेकनचा एक तुकडा घेतला. मी काही बोलले नाही. दुपारी यांनीच फक्त भाज्यांचे सूप मागवले.

परंतु यावरून पथ्य सोडावे असा अर्थ कृपया कुणी काढू नये. बेकन आणि सॉसेज हे खारवलेले, प्रक्रिया केलेले मांस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये अशा मांसाची नोंद कर्करोगास कारणीभूत पदार्थांत केली आहे. त्याच संघटनेच्या मते प्रौढांच्या आहारात दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, आणि भरगच्च न्याहारीत त्याचा मोठा वाटा सकाळीच संपून जातो. समुद्री शेवाळात आयोडीन पुष्कळ असते, म्हणून थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच खावे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर हिरव्या पालेभाज्या काय किंवा शेवाळ काय, त्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात बाधा आणते. ज्यांना शिंपल्यांची ॲलर्जी किंवा गाऊट आहे त्यांनी कॉकल्सपासून दूर राहावे, आणि इतरांनीही ती नीट शिजलेलीच खावीत.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वृद्धापकाळात नकळत उतरत जाणारे वजन हे धोक्याचे लक्षण असते. त्याबरोबर स्नायूंची ताकद जाते, तोल जाऊन पडण्याचा संभव वाढतो. अहवालातील आकडे सुधारले म्हणून मी या लक्षणाकडे डोळेझाक केली होती. आपल्या घरी दर महिन्याला वजन करून ते लिहून ठेवावे, आणि ते सतत उतरत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पुण्यास परतल्यावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. भिंतीवरचा कागद आहारतज्ज्ञांकडे नेऊन यांच्या आवडींसह नव्याने लिहून घेतला. मिठाची मर्यादा तीच राहिली, पण मासे आणि अंडी परत आली. रात्री झोपण्यापूर्वी मी दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीसाठी दोन-तीन पर्याय सांगते आणि निवड हे करतात. डॉक्टरांकडे गेल्यावर प्रथम हे बोलतात. राहिलेले मी नंतर सांगते. आता वजन अडीच किलोंनी वाढले आहे. साखर कधी थोडी चढते, तेव्हा आम्ही दोघे मिळून त्याचे कारण शोधतो. महिन्यातून एखाद्या रविवारी हे स्वतः मंडईत जाऊन तिसऱ्या आणतात आणि लहान निघाल्या तर विक्रेतीशी हुज्जत घालतात.

आपल्या घरीही कुणासाठी असे ताट वाढले जात असेल, तर उद्या सकाळी एकदा त्यांनाच विचारून पाहावे. पहिल्यांदा ‘तुला वाटेल ते’ असेच उत्तर येईल. तेव्हा लगेच स्वयंपाकघराकडे वळू नये. पेन्सिल वहीवर टेकवून उभ्या राहिलेल्या त्या बाईंसारखे आणखी थोडे थांबावे.