रंगाचे दोन हात

वर्गात श्रमप्रतिष्ठेवर बोलणे फार सोपे असते. फळ्यापासून टेबलापर्यंतच्या चार पावलांत मी आजवर कितीतरी विहिरी खणल्या आहेत, शेते नांगरली आहेत. हाताला मात्र खडूखेरीज काही लागलेले नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत स्वयंपाकघरातले जुने कपाट मी स्वतः रंगवणार, असे जाहीर केले, तेव्हा घरातली मंडळी काही बोलली नाहीत. नुसती एकमेकांकडे पाहत राहिली.

हे कपाट फणसाच्या लाकडाचे. आईच्या लग्नानंतर गावातल्या मेस्ताने ते आमच्या अंगणात बसून घडवले. वरच्या कप्प्याला जाळीची दारे, तेथे दूधदही. खालच्या कप्प्यांत डबे आणि बरण्या. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. चुलीच्या धुराने आणि फोडणीच्या वाफेने त्याचा हिरवा रंग केव्हाच काळवंडून गेला होता. आईची दृष्टी अलीकडे मंदावली आहे. त्या काळोखात तिला डबे दिसत नसणार. पांढरा रंग दिला की सारे लख्ख दिसेल, असा माझा तर्क. मुहूर्तही योग्य होता. मे महिन्यात आमच्या गोव्यात पुरुमेताची धांदल असते. मिरग लागण्यापूर्वी मिरच्या, चिंच, सोले उन्हात वाळवून पावसाळ्याच्या बेगमीला भरून ठेवायचे असतात. त्याआधी कपाट रिकामे होते, तेवढ्यात रंग उरकायचा.

मी डबा उघडला, ब्रश बुडवला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “पुता, पयलीं ताचें तेल धुवन काड, मागीर रंग लाय.”

जिने जन्मात कधी ब्रश हाती धरला नाही, तिने मला रंगकाम शिकवावे याचे मला हसू आले. दोन दिवसांत मी कपाट पांढरेशुभ्र करून टाकले. चौथ्या दिवशी दाराच्या मुठीपाशी बोट लागले आणि रंगाची साल केळीच्या सोपटासारखी सुटून आली. खाली तोच काळा, चिकट, जुना थर माझ्याकडे पाहत होता.

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, रंग लाकडाला धरतो, तेलाला नव्हे.” जे आईने फुकट सांगितले होते, तेच मी तासभर खर्चून शिकलो.

मग नव्याने सुरुवात केली. ऊन पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाट घासले, स्वच्छ पाण्याने धुतले आणि दोन दिवस उन्हात वाळवले. त्यानंतर खरवडण्याचे काम. येथे विद्यार्थिमित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांत १० लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या कपाटाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा नाकातोंडावर फडके बांधून, मुलांना दूर ठेवून, वॉटर पेपर पाण्यात भिजवून मी ते घासले, म्हणजे धूळ उडाली नाही. पेपराचा आकडा जितका मोठा, तितके त्याचे दाणे बारीक. आधी १२० चा घ्यावा, शेवटी २२० चा. थर निघत गेले. हिरव्याखाली निळा रंग निघाला आणि त्याखाली फणसाचे पिवळे लाकूड. निळा रंग पाहून मी आईला हाक मारली. “तुझ्या बारशाचा,” ती म्हणाली.

भेगांत लांबी भरली, अस्तर दिले आणि मग रंगाचे दोन हात. रंगारी रंगाच्या थराला हात म्हणतात, हे मला नव्याने कळले. पहिला हात पातळ द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा, हलकेच घासायचा आणि मग दुसरा. ऑइल पेंट धुतलेल्या कपड्यासारखा नुसता वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून तेथे घाई चालत नाही.

या वेळी रंग धरला. उत्साहाच्या भरात मी पुरुमेतही लावून टाकले. सारख्या आकाराचे डबे एका ओळीत, आणि प्रत्येकावर माझ्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी: हळद, मिरची, आमसुले, गूळ. ग्रंथालयाचे कपाटही इतके नीटस नसेल. आईने हात फिरवून पाहिले. “बरें जालां,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भांड्यांचा आवाज आला. स्वयंपाकघरात डोकावलो. आई नव्या पांढऱ्या कपाटासमोर उभी होती. ती एकेक डबा खाली घेत होती, झाकण काढून नाकाशी धरत होती आणि परत ठेवत होती. चहाच्या साखरेसाठी तिने सहा डबे उघडले. ज्या खोलीत तिने चाळीस वर्षे आमचे पोट सांभाळले, त्या खोलीत मी तिला एका दिवसात परकी करून टाकले होते. आणि तिने तक्रारही केली नव्हती.

“आई, पांढऱ्यावर दिसत नाहीत का डबे?” मी विचारले.

“दोळे सोदिनात रे, हात सोदता,” ती म्हणाली.

तिला कपाट दिसतच नव्हते. ते तिच्या हाताला पाठ होते. मी रंगवले ते माझ्या डोळ्यांसाठी.

त्या सकाळी आम्ही कपाट पुन्हा रिकामे केले. ती पाटावर बसली आणि डोळे मिटून सांगू लागली. मिठाची बरणी डाव्या कोपऱ्यात. तिला बसका डबा लागून, तो साखरेचा. मिरसांगेचा उंच डबा भिंतीकडे. सोलांची बरणी सर्वांत खाली, कारण ती रोज लागते आणि वाकण्याची सवय झालेली असते. मी वर्गात श्रुतलेखन घालतो. त्या दिवशी मी ते घेत होतो. चिठ्ठ्या मी काढून टाकल्या. त्या मराठीत होत्या, तिचा हात कोकणीत चालत होता. आणि दोन्ही भाषांत वाचण्याची तिला गरजच नव्हती.

कपाट आता पांढरे आहे. मुठीजवळ हळदीच्या बोटांचा एक डाग हळूहळू पिवळा होत चालला आहे. तो मी पुसत नाही.

यंदाच्या सुट्टीत देवघराचे दार रंगवायचे आहे. सोडा आणला आहे, वॉटर पेपर आणला आहे. ब्रश मात्र अजून भिजवलेला नाही. त्या दारावर आईचा हात कोठे कोठे पडतो, ते आधी विचारायचे आहे.