चट्टा भडकतो तेव्हा

नांदेड, १२ ऑक्टोबर
दुपारी दोन स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या. पहिली पाठीवरच्या एकुलत्या, कोरड्या, बधिर चट्ट्यातली. पेशींचे घट्ट गोळे, मधूनमधून थोराड बहुकेंद्रकी पेशी, भोवती लिम्फोसाइटचं कडं. जंतूंसाठी रंगवलेला काप इंच इंच चाळला, एकही दिसला नाही. दुसरी कानाच्या पाळीवरच्या गाठीतली. इथे फेसाळ पेशी, त्यांच्या पोटात लाल जंतूंचे झुबके आणि लिम्फोसाइट अगदी विरळ. जंतू दोन्हीकडे तोच, कुष्ठरोगाचा मायकोबॅक्टेरियम लेप्री. वेगळी आहे ती माणसाची प्रतिकारशक्ती.

रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधल्या पायऱ्या लावून दिल्या. रुग्णाच्या कार्डावर मात्र आम्ही चट्टे मोजतो. पाचपर्यंत एक गट, सहापासून दुसरा. गावोगाव मायक्रोस्कोप नेता येत नाही, त्यामुळे सोय म्हणून हे ठीकच. पण मधल्या पायऱ्यांवरच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती डळमळीत असते, आणि हे काही चट्टे मोजून कळत नाही.

१५ ऑक्टोबर
यामामुरा, मॉडलिन वगैरेंचा १९९१ चा ‘सायन्स’मधला लेख पुन्हा वाचला. त्यांनी चट्ट्यांच्या तुकड्यांतले रासायनिक निरोप तपासले. जंतू कमी तिथे गॅमा इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२, जंतू बेसुमार तिथे इंटरल्युकिन-४ आणि १०. पहिले जंतू गिळलेल्या पेशीला त्यांना मारायला लावतात, दुसरे तिला थंड करतात. टी पेशींची ही विभागणी उंदरांत आधी कळली होती. माणसात ती दाखवली कुष्ठरोगाच्या कातडीनं.

आपल्याकडे कुष्ठरोगाविरुद्ध ही प्रतिकारशक्ती जागवण्याची वाट जुनी आहे. १९५८ मध्ये मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला. पुढे केंद्राच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी या नावानं त्याची लस झाली. तमिळनाडूतल्या मोठ्या चाचणीचे आकडे १९९८ मध्ये छापून आले. या लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, बीसीजीनं ३४. एवढं असून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. मला हे अजूनही खटकतं.

लातूर, २१ ऑक्टोबर
ओपीडीत ऊसतोडीला निघालेल्या एक मावशी. कुष्ठरोगाच्या गोळ्या (एमडीटी) सुरू होऊन तीनेक महिने झालेले. फिकट चट्टे आता तांबडेलाल, फुगलेले, गरम. “गोळ्यायनंच उठलं बघा हे. म्हणून सोडल्या.” कोपरामागची नस दोरीसारखी जाड, हात लावताच कळवळल्या. करंगळी बाजूला नेता येईना.

ही रिव्हर्सल रिॲक्शन. दबलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि जंतूंवर, त्यांच्या अवशेषांवरही तुटून पडते. कातडीत हे झालं तर चट्टा लाल होतो, एवढंच. पण या जंतूंचं आवडतं घर म्हणजे नसेभोवतीच्या श्वान पेशी. तिथे सूज आली की ताठ आवरणात नस आवळली जाते. वाकडी बोटं, पडलेलं पाऊल यांतलं बरंचसं या सुजेचं काम. चट्टा भडकला म्हणजे रोग वाढला, असं घरच्यांना वाटतं. त्यांना कोण दोष देणार? डोळ्यांना तसंच दिसतं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिलं, त्याआधी साखर तपासली, खोकल्याची चौकशी केली. एमडीटीच्या गोळ्या पुन्हा सुरू.

२२ ऑक्टोबर
मावशी थांबायला तयार नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकट्या नवऱ्याला कोण नेतो? मग कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली. त्यात कोणती नस, किती ताकद आणि डोस कधी, किती कमी करायचा ते सगळं लिहिलं. एमडीटी सरकारी केंद्रात फुकट मिळते. स्टेरॉइड मात्र मध्येच तोडायचं नाही, हे नवऱ्यालाही दोनदा सांगितलं.

२७ ऑक्टोबर
गावातल्या डॉक्टर मंडळींसाठी आणि आशाताईंसाठी एक पान लिहून काढलं. गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टा लाल झाला, नस दुखली, हातातली वस्तू निसटू लागली, तर एमडीटी थांबवू नका. नसेची ताकद आणि स्पर्श त्याच दिवशी तपासा आणि रुग्णाला लगेच पुढे पाठवा. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडनं नस सुधारण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती फार कमी होते.